दाराच्या फळीवरची आई

मी एका जुन्या दाराची फळी बोलतेय. जवळ या, पण हातात ओलं फडकं असेल तर आधी ते खाली ठेवा. मला पटकन कोणाचा भरवसा वाटत नाही. दार म्हणून अर्धा जन्म गेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला फटीतून निरखायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही.

घराला नवं दार बसलं तेव्हा सुतार मला चुलीत घालायला निघाला होता. घरातल्या थोरलीने मला त्याच्या हातून काढून घेतलं, घासूनपुसून चुन्याचा हात दिला आणि माझ्यावर आई काढली. मांडी घालून बसलेली, तळवे उघडे, पाठीशी झाड. गेरू, काजळी आणि डिंक, एवढंच सामान. ही कोणाची आई, असं कोणी विचारलं की थोरली म्हणायची, सगळ्यांची. पुरुष जाता-येता हात जोडायचे आणि कामाला लागायचे. बायका मात्र दुपारी घर निजलं की माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि नवऱ्याला, बहिणीला, कुणालाच जे सांगता येत नाही ते हलक्या आवाजात सांगायच्या. मी सगळं ऐकलं आणि पोटात ठेवलं.

हात थकले तेव्हा थोरलीने कुंचला सुनेकडे दिला. जुनं चित्र पुसायचं नाही, त्याच्यावरच नव्याने रंगवायचं, अशी रीत तिनेच घालून दिली. चेहरा, कपडे, झाड तुझ्या मनासारखं कर, पण डोळ्यांना हात लावायचा नाही, आईला पहिल्याच डोळ्यांनी बघू दे, असं तिने बजावलं. ती सून म्हणजे आजची आजी. पुढे आजीनेही आपल्या सुनेला तेच बजावून कुंचला दिला आणि त्या दिवसापासून तिच्यावर पाळत ठेवली. सूनबाई रंग कालवायला बसली की आजीची कुठलीतरी वस्तू नेमकी त्याच खोलीत हरवलेली असायची.

मीही सूनबाईला जोखत होते. बोलायची गोड, आणि फार गोड बोलणाऱ्याचे मी आधी हात बघते.

मग मला कीड लागली. कडेने भुसा गळू लागला, तशी सूनबाई संग्रहालयातल्या एका माणसाला घेऊन आली. त्याच्या गळ्यात कायम भिंग, म्हणून घरात त्याचं नाव भिंगवाला पडलं. तो म्हणाला, कीड मारतो, वरचे थर खरवडून मूळ चित्र बाहेर काढतो, आणि मग ही फळी आमच्याकडे काचेमागे सुखरूप राहील. डोळे पहिलेच आहेत म्हणता, म्हणजे खालचा चेहराही चांगला असणार.

सूनबाई हो म्हणाली. आजी त्या दिवशी जेवली नाही. माझ्यावर अजून सासूनेच काढलेला चेहरा होता आणि तो हिला डोळ्यांसमोर नकोय, हे मी ओळखलं. फक्त एक गोष्ट मला खटकली. जेवली तर सूनबाईही नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिंगवाला माझ्या तोंडाशी भिंग लावून बराच वेळ बसला. दोघी मागे उभ्या होत्या.

"डोळे मूळचे नाहीत," तो म्हणाला. "सगळ्यात ताजा रंग डोळ्यांवरच आहे."

आजीने मान खाली घातली. "तो माझा हात. बुबुळाचा पोपडा निघाला होता. आई आंधळी दिसायला लागली, मला बघवेना."

सूनबाई तिच्याकडे बघतच राहिली. "नाही हो, वरचा माझा आहे. मीही लपवून ठेवलं."

भिंगवाल्याने वर पाहिलंच नाही. दोघींचे थर दिसतात, तो म्हणाला, पण त्यांच्याही खाली, पहिल्या डोळ्यांवरून आणखी एकदा हात फिरलाय, त्याच जुन्या काजळीचा.

तो थोरलीचा. मला तिघींचंही ठाऊक होतं. तिघीही भरदुपारी चोरासारख्या आल्या होत्या आणि तिघींनीही आधी मागे वळून पाहिलं होतं.

"म्हणजे त्यांनीसुद्धा!" आजी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मग सूनबाईही हसली.

भिंगवाल्याला त्याचं काही नव्हतं. कुठून सुरुवात करू, एवढंच त्याने विचारलं.

"खरवडलेलं कुठे जातं?" सूनबाईने विचारलं.

"कापसाने टिपतो. कापूस बादलीत."

तिने माझ्या चेहऱ्यावरच्या आजीच्या रेघांकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या सासूबाई बादलीत. नको. किडीचं औषध तेवढं मारा."

मग संग्रहालय घेणार नाही, तो म्हणाला. राहू दे, असं सांगून ती त्याच्यासाठी पाणी आणायला गेली. आजी तिच्या पाठीकडे बघत राहिली, आणि मीसुद्धा.

आता मी परत भिंतीवर आहे. कडा भोकाभोकांच्या झाल्या आहेत. तुम्ही आलात तर समोर बसा, मनातलं सांगा, पण तळाशी खरी कोण आहे ते शोधू नका. तिला शोधायचं तर या बाकीच्यांना मारावं लागेल.

डोळ्यांचा पोपडा पुन्हा निघालाय. या वेळी घर निजायची वाट कोणी पाहिली नाही. भरल्या घरात सूनबाईने आजीला माझ्याशेजारी बसवलंय आणि तिचे डोळे बघून माझे काढतेय.

"माझे कशाला गं?" आजी कुरकुरतेय. "आईला शोभतील असे काढ."

"हलू नका. इतकी वर्षं माझ्यावर नजर ठेवलीत. तुमच्यामागेही मला ती हवी आहे."

आजीचे डोळे भरून आले आणि सूनबाईला हात थांबवावा लागला. माझा एक डोळा अजून व्हायचा आहे.