दोरीआडचं स्टूल

माझा धाकटा भाऊ लोकांची घरं सजवतो आणि वर त्यांना अक्कलही विकतो. "वस्तूंना उपयोगातून मोकळं करा, त्यांच्याशी नातं जोडा," हे त्याचं हल्लीचं खूळ. त्याच्या दिवाणखान्यात पितळी किटली आहे, तिच्यात चहा करायचा नाही. छत्री आहे, ती उघडायची नाही. चहा मात्र कागदी कपातून मिळतो.

त्या दिवशी मी बाबांना घेऊन त्याच्याकडे गेले ती त्यांचं स्टूल परत आणायला. बाबा घड्याळजी. हातांना कंप सुटला तेव्हा दुकान बंद करून ते माझ्याकडे राहायला आले. पॉलिश करून देतो म्हणून भावाने स्टूल नेलं, ते नेलंच. बाबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, पण रोज विचारायचे, "माझं स्टूल आलं का गं?" माझ्याकडच्या खुर्चीवर ते पाहुण्यासारखे टोकाला टेकायचे.

स्टूल चौथऱ्यावर होतं. वर दिवा, भोवती मखमली दोरी. शहाण्याने माणसंही बोलावली होती. "या लाकडात एका माणसाचं आयुष्य मुरलंय," तो डोळे मिटून त्यांना सांगत होता. तो माणूस मागे भिंतीला हात टेकून उभा होता. त्याला बसायला द्यावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझं टाळकं सरकलं. मी दोरी काढली. "बसा, बाबा."

"ताई, अगं ते बसायचं नाहीये," भाऊ कळवळला.

बाबा बसले, जरा थांबले आणि उठले. वाकून त्यांनी स्टुलाच्या पायांवरून बोटं फिरवली. "हे सपाट कसं झालं रे?"

घड्याळावर ओणवं राहता यावं म्हणून त्यांनी स्वतःच पुढचे दोन पाय तासून आखूड केले होते. त्या उतारावर त्यांची सगळी हयात गेली.

"पुढे कललेलं दिसायचं ते, बाबा," भाऊ मोठ्या कौतुकाने म्हणाला. "सुताराकडून मागचे पाय कापून सरळ करून घेतलं."

"कापलेले तुकडे असतील ना? दे. चिकटवून बघतो."

"ते फेकले," भाऊ म्हणाला. "त्यांचा काय उपयोग होता?"

मी स्टूल काखोटीला मारलं, बाबांचा हात धरला आणि निघाले. दोरी तेवढी त्याला ठेवली.