ए नवी!

"ए नवी! झालं माझं!"

संडासातून हाक आली तशी ती स्टुलावरून उतरली आणि हातातली रंगीत पट्टी तिने नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. तो सकाळपासून फुगे फुगवत होता. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचा. एरवीही तो फारसं बोलायचा नाही. आज निदान त्याला कारण होतं.

"दोन वर्षं झाली, अजून नवीच का?" खुर्च्या मांडता मांडता आत्या म्हणाली. आत्या म्हणजे तिची नणंद.

पोरांची आई गेल्यावर ती या घरात आली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच. नवी आली का? नवीला विचार. नवी जेवली का? तीन वर्षांच्या पोरीला वाटलं, हिचं नावच नवी. ही पोर म्हणजे किटली. राग आला की आधी फुसफुसायची आणि मग शिट्टी वाजावी तशी किंचाळायची. तिला चिकटून फिरणारा धाकटा भाऊ, तो टोपण. किटली नवी म्हणाली, म्हणून टोपणही नवी म्हणाला. आज किटलीचा पाचवा वाढदिवस होता.

नवी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेत उभ्या बायका एकमेकींच्या घरातलं काढत बसायच्या. "पोरं काय म्हणतात गं तुला?" एकदा कुणीतरी विचारलं. "आई म्हणतात," ती बोलून गेली, आणि चादरीची घडी वाकडी पडली. तेव्हापासून ते खोटं कधीतरी खरं व्हावं असं तिला फार वाटायचं.

म्हणूनच दुपारी आत्याने पोरांना पलंगावर बसवून शिकवणी सुरू केली, तेव्हा ती स्वयंपाकघरात गप्प उभी राहिली. नीट ऐकू यावं म्हणून तिने नळसुद्धा बंद केला.

"आज तुमच्या आईची आई येणार आहे. घर सावरलंय हे बघून तिला बरं वाटायला हवं ना? मग हिला काय म्हणायचं?"

"नवी," टोपण म्हणाला.

"आई म्हणायचं, गाढवा."

"आई गाढवा," टोपणने पाठ केलं.

किटली नुसती फुसफुसली.

संध्याकाळी खोली भरली. शेजारची पोरं आली, त्यांच्या आया आल्या. आजी आली आणि भिंतीवरच्या आपल्या मुलीच्या फोटोखाली जाऊन बसली. मेणबत्त्या टोपणनेच विझवून टाकल्या, त्यावरून भांडण झालं, मग त्या पुन्हा पेटवाव्या लागल्या. शेवटी एकदाचा केक कापला गेला.

"आता पहिला घास आईला!" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

नवी हात पुसत पुढे झाली. किटली तुकडा घेऊन आली, तिच्या अंगावरून तशीच पुढे गेली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"अगं, तिकडे कुठे? आई इकडे आहे!"

"ही नवी आहे. आई ती."

"पाहुण्यांसमोर असं बोलतात का?" आत्याने तिचा दंड धरून तिला वळवलं. "म्हण बघू आई. म्हण, मग सोडते."

किटलीने तोंड उघडलं. शिट्टी वाजली नाही. किटलीला इतकं गप्प नवीने कधी पाहिलं नव्हतं. शब्द पोरीच्या तोंडाशी आला होता, आता निघणारच होता. नवीला तो हवा होता. पण असा नको होता.

"दंड सोडा तिचा, वन्सं."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी तिचं काही काढून घेऊ नका."

ती पुढे झाली आणि तिने किटलीला उचलून भिंतीशी धरलं. किटलीने केकचा तुकडा फोटोतल्या ओठांवर दाबला. थोडा काचेला चिकटला, बाकीचा खाली सांडला. मग हातावर उरलेलं चाटून ती म्हणाली, "आता नवीला." नवीने आ केला. निम्मा घास नाकाला लागला.

"आणि म्हातारी झालीस की गं?" आत्या फणकारली. "तेव्हाही नवीच?"

"तेव्हाही. तुम्ही सगळे जुने व्हाल, वन्सं, मी नाही व्हायची. आणि उद्या कामावर सांगणार आहे, माझी पोरं मला नवी म्हणतात म्हणून."

नवऱ्याच्या हातून गाठ न मारलेला फुगा सुटला आणि फुर्र करत खोलीभर फिरला. पोरं खिदळली. आजीने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ परत लावलाच नाही.

आत्याने ओलं फडकं आणलं आणि ती फोटोकडे वळली.

"पुसू नको!" किटली ओरडली. "खातेय ती."

आत्याचा हात तिथेच थांबला. नवीने तिच्याकडून फडकं घेतलं, आणि खाली बसून ती फरशीवर सांडलेलं पुसू लागली.