आपोआप उगवलेलं

"मर्यादवेलीचे फुटवे बावीस. रावणाच्या मिशा, तीन बुंधे. झुडूप नाही."

वाळूवर ठेवलेल्या चौकटीतून नजर न काढता तिने आकडे सांगितले. मागे उलट्या बादलीवर बसलेल्या बाबांनी ते तक्त्यात भरले आणि ठरल्याप्रमाणे मोठ्याने परत वाचून दाखवले. वाऱ्यात आकडा चुकीचा ऐकू येतो, म्हणून ही पद्धत.

"मिशा तीन," वाचून झाल्यावर बाबा म्हणाले. "बाकीचा रावण कुठे गेला म्हणायचा?"

"वाळूखाली. चला, सातवी चौकट."

नेहमीचा मदतनीस तापाने पडला होता. "मी तरी घरी काय, माश्याच मारतोय," म्हणत बाबा सकाळी चपला घालून तयार होते. ते नुसते मदतीला आले नव्हते, हे तिला कळत होतं. या वाळूच्या टेकडीमागेच त्यांचं घर होतं. चार वर्षांपूर्वी वाळू सरकत मागच्या दाराला टेकली, मग खिडकीतून आत आली, आणि सरकारी कचेरीने घरांची ती सगळी ओळ रिकामी करायला लावली. आता ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. तिथेही बाबा रोज उठून उंबरा झाडत. उंबऱ्यावर काही नसे.

समुद्राच्या बाजूने आधी वेल येते. मागून काटेरी गवत येतं, ज्याला लोक रावणाच्या मिशा म्हणतात. दोघं मिळून वाळू धरतात, आणि ती बसली की त्यांच्या आडोशाला झुडपं उगवतात. झुडूप आपोआप उगवलं, तरच जमीन स्थिरावली असं कचेरी मानणार होती. लावलेलं धरायचं नाही. घराच्या मागच्या बाजूच्या सातव्या चौकटीत एक जरी झुडूप मिळालं, तरी परतीचा अर्ज पुढे सरकला असता. तिनेच हे एकदा जेवताना सांगितलं होतं. बाबांनी तेव्हा दोनदा विचारलं होतं, "एक जरी?"

"फुटवे चौदा," ती गुडघ्यांवर वाकून म्हणाली. "मिशा पाच."

पाचव्या बुंध्याच्या आडोशाला तिचा हात थांबला.

"काय झालं, मोजणीबाई?" बाबांनी विचारलं. जरा लवकरच विचारलं.

"निर्गुडी आहे."

"बघ. मी म्हणत नव्हतो? वेळ आली की सगळं आपल्या पायांनी येतं. आपण धीर तेवढा धरायचा."

रोप वीतभर होतं. खालची पानं पिवळी, शेंड्याला दोन नवी. तिने दोन बोटांनी बुडाजवळची वाळू बाजूला केली. पांढऱ्या वाळूखाली काळी माती लागली. पेला उपडा करून काढावा तसा तिचा गोल गोळा अजून टिकून होता. गॅलरीतली निर्गुडी वाळली, टाकून दिली, असं बाबांनी गेल्या महिन्यात आईला सांगितलं होतं. रिकामी कुंडी मात्र त्यांनी धुऊन ठेवली होती.

तिने मागे वळून पाहिलं नाही. वाळू परत लोटली, तळव्याने दाबली. मग पिशवीतून बाटली काढली. पाणी अर्धंच उरलं होतं आणि अजून तीन चौकटी बाकी होत्या. रोपाच्या बुडाशी तिने ते हळूहळू ओतलं. वाळू गडद होत गेली. बाटली पूर्ण रिकामी केली.

"लिहिलंत?" तिने विचारलं.

बाबांनी घसा खाकरला. एकदा टेकडीमागे पाहिलं. तिथे कौलांची एक कड तेवढी वर दिसत होती.

"चौकट सात," ते वाचू लागले. "मर्यादवेल चौदा. रावणाच्या मिशा पाच."

कागद फडफडला. त्यांनी तो अंगठ्याने दाबून धरला.

"झुडूप शून्य."