नऊ घरची चौकट आणि तिची नक्कल

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे. आमच्या बेटावरच्या सान फर्नांडो शहरातल्या टेकडीवर आमचे कॉलेज आहे. कॉलेजच्या वाचनालयाची वेबसाइट आहे आणि तिच्यावर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका आहेत. एक इतिहासाची, एक शेतकीची, एक परिचारिकांची, अशा बऱ्याच. प्रत्येक मार्गदर्शिकेत माहितीच्या चौकटी बाजारातल्या गाळ्यांसारख्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. त्यांतली इतिहासाच्या मार्गदर्शिकेतली, डाव्या हाताची, वरून दुसरी चौकट म्हणजे मी. माझे नाव 'जुनी वर्तमानपत्रे कशी शोधावीत'. दिसायला मी साधी आहे आणि स्वभावाने मत्सरी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको.

मला मिसेस ऑटलींनी बनवले. वाचनालयात त्यांच्याइतकी जुनी माणसे फार नव्हती. शेजारी मॉबीचा, म्हणजे आमच्याकडच्या कडसर सरबताचा, गार पेला ठेवून त्या माझे एकेक वाक्य लिहीत, मोठ्याने वाचत आणि स्वतःच मान डोलावत. 'शोधकर्त्याने प्रथम अपेक्षित कालखंडाची निश्चिती करावी व तदनंतर संबंधित संज्ञांचा क्रमशः वापर करावा.' शाळेच्या गणवेशासारखी कडक इस्त्रीची वाक्ये होती ती. वाक्यांच्या खाली एक लिंक होती. तिच्यावर टिचकी मारली की देशातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या भांडारात जाता येई.

सुरुवातीची वर्षे फार मानाची गेली. इतिहासाचे शिक्षक वर्गात माझे नाव घेत. मग इतर मार्गदर्शिकांना माझी गरज भासू लागली.

आमच्यात एकीची चौकट दुसरीने घ्यायच्या दोन रीती आहेत. पहिली जोडून घ्यायची. यात चौकट आपल्या जागीच राहते आणि दुसऱ्या घरीही दिसते, आरशात दिसावी तशी. इकडे केस विंचरले की तिकडेही नीट. दुसरी रीत नक्कल करायची. यात हुबेहूब नवी चौकट तयार होते, पण त्या क्षणापासून तिचे आणि आपले घर वेगळे. तिचे भले तिला, आपले आपल्याला.

पाहता पाहता नऊ मार्गदर्शिकांनी मला जोडून घेतले. तुम्ही म्हणाल, केवढा मान. पण महिन्याच्या शेवटी कोणत्या मार्गदर्शिकेला किती लोक आले याचे आकडे निघत, आणि परिचारिकांच्या मार्गदर्शिकेत मला वाचायला आलेली मुलगी परिचारिकांच्या नावावर लागे. चेहरा माझा आणि हजेरी त्यांची. माझ्या स्वतःच्या घरी मोजकीच माणसे फिरकत. माझे पोट तेव्हापासून दुखते आहे.

पण खरा जळफळाट पुढेच होता.

वाचनालयात डेक्स्टर बाबूलाल नावाचा एक तरुण ग्रंथपाल आला. पत्रकारितेची मार्गदर्शिका त्याच्याकडे आली. एकदा तो कागदात गुंडाळलेले डबल्स, म्हणजे दोन मऊ पुऱ्यांत भरलेले रसदार चणे, घेऊन मिसेस ऑटलींच्या टेबलापाशी उभा राहिला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात.

"मिस ऑटली, तुमची ती वर्तमानपत्रांची चौकट मी घेऊ?"

"घे की. पण जोडून घे. नक्कल नको."

"जोडली तर मला त्यात एक अक्षरही बदलता येणार नाही."

"बदलायचंय काय त्यात?"

"काही नाही हो. जरा इस्त्री मोडायचीय."

"पोरा, आधी हातातलं खाऊन घे. चण्याचा रस माझ्या टेबलावर सांडतोय."

तो हसला, बोटे पुसून आपल्या जागी गेला आणि त्याने माझी नक्कल केली.

तिची लिंक माझीच होती. शीर्षक माझेच होते. पण माझी सगळी वाक्ये काढून त्याने तिथे लिहिले, 'सगळे शब्द एकदम टाकू नका. डबल्सवर तिखट घेता तसं करा. आधी थोडं, चव बघा, मग वाढवा. आधी फक्त साल टाका. मग गाव. मग नाव.'

बस्स, एवढेच. आणि मुले खुळावली. ती ओळ वाचून एकमेकांना दाखवू लागली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर गप्पा ठोकत बसलेली पोरे एकमेकांना विचारू लागली, "काय रे, साल टाकलंस का? चव बघितलीस का?" माझ्या वाक्यावरून कुणी कधी विनोद केला नव्हता. माझे वाक्य कुणी शेवटपर्यंत वाचलेच नव्हते, मग विनोद कुठून करणार?

दर महिन्याला तिचा आकडा वाढे. मी तो वाची आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. कालची पोर, माझ्याच अंगावरचे कापड फाडून शिवलेली, आणि तोरा पाहा.

मग एक गोष्ट घडली. वर्तमानपत्रांचे ते भांडार नव्या जागी हलले आणि जुना पत्ता बंद पडला. मिसेस ऑटलींनी डब्यातला पेलाव भात संपवला, हात धुतले आणि माझ्यातली लिंक बदलली. त्याच क्षणी नऊही घरी ती बदलली गेली. नक्कल मात्र जुनाच पत्ता धरून बसली. डेक्स्टरचे लक्ष कार्निव्हलवर होते. तो संध्याकाळी मास कॅम्पमध्ये, म्हणजे मिरवणुकीचे पोशाख बनतात त्या जागी, बसून पोशाखांना पिसे चिकटवी आणि सकाळी डिंकाने चिकट झालेल्या बोटांनी कामावर येई. मी गप्प राहिले. मला तोंड नाही हे खरे, पण असते तरी मी ते उघडले नसते.

गंमत अशी की तिचा आकडा आणखी चढला. मी आयुष्यभर आकडे पाहत आले, म्हणून मला कळले. लिंक उघडत नाही म्हटल्यावर माणूस निघून जात नाही. तो पुन्हा टिचकी मारतो, मग जरा जोरात मारतो, मग पान नव्याने उघडून पुन्हा मारतो. बंद दारावर तीनदा थाप मारणारा एकच पाहुणा आमच्या आकड्यांत तीनदा मोजला जातो.

त्याच दिवसांत मुख्य ग्रंथपाल मिस लॅशलींनी फर्मान काढले. एका विषयाची एकच चौकट राहील. कार्निव्हलच्या सुट्टीआधी जादा चौकटी पुसून टाकायच्या. म्हणजे ती किंवा मी. आणि पुसलेली चौकट परत येत नाही, मित्रांनो. तिचे नावसुद्धा उरत नाही.

"आकड्यांवर ठरवू या की," डेक्स्टर म्हणाला. "तुमच्याकडे येतं कोण, मिस ऑटली? तुम्ही स्वतः आणि तो इतिहासाचा म्हातारा."

"त्या म्हाताऱ्याला मी ओळखते. तुझ्या आकड्यांना कोण ओळखतं?"

मिस लॅशलींनी आकडे पाहिले आणि खांदे उडवले. "आकडा तर आकडाच आहे. डेक्स्टर, आज जुनी चौकट नुसती लपव. दिवसभर कुणी ओरडलं नाही तर संध्याकाळी पूस."

लपवायचे म्हणजे एका खुणेने चौकट कुणालाच दिसेनाशी करायची. डेक्स्टरने ती खूण केली. मला सगळे दिसत होते, पण मी कुणाला दिसत नव्हते. पत्रकारितेच्या मार्गदर्शिकेत ती दिमाखात बसली होती. संध्याकाळी मी नसेन आणि ही असेल, एवढा एकच विचार माझ्या मनात होता. मरणाची भीती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवा.

दहाच्या सुमारास फोन वाजला आणि मिस लॅशलींनी उचलला. शेतकीचे पँटिन सर होते. त्यांचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अहो, मी वर्गासमोर पडदा लावून उभा आहे. कोकोच्या जुन्या मळ्यांच्या बातम्या दाखवायच्या होत्या. तुमची चौकट कुठाय? इथं नुसतं पांढरं मैदान दिसतंय. पोरं विचारतायत, सर, क्रिकेट आहे का?"

तो फोन त्या ठेवतात न ठेवतात तोच परिचारिकांच्या वर्गातून दुसरा आला. मिस लॅशलींनी एकेक मार्गदर्शिका उघडून पाहिली. नऊही घरी मी नव्हते. तिथे माझे प्रतिबिंबच होते, आणि मी गेल्यावर ते कुठून राहणार?

"हिच्याकडे कुणी येत नाही म्हणालास," मिस लॅशली डेक्स्टरला म्हणाल्या. "अरे, हीच सगळीकडे जाते."

डेक्स्टरने मला पुन्हा दिसते केले. मला वाटले, जिंकले.

तेवढ्यात नेरिसा नावाची पत्रकारितेची विद्यार्थिनी मदतीच्या टेबलापाशी आली. तिच्या आजोबांनी एक स्टीलबँड, म्हणजे पोलादी पिंपांवर वाजवणारा वाद्यवृंद, काढला होता. त्याची वर्तमानपत्रात आलेली पहिली बातमी तिला हवी होती, आणि लेख दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मिस लॅशलींनी तिला बसवले आणि तिच्यासमोर आम्हा दोघींना उघडले.

आधी तिने मला वाचले. बराच वेळ वाचले.

"मिस, हे वाक्य संपतं कुठे?"

मिसेस ऑटलींनी चष्मा पुसायला घेतला.

मग तिने नक्कल वाचली आणि हसली. "हां, हे कळलं. आधी साल." तिने लिंकवर टिचकी मारली. पान सापडत नाही, असे आले. तिने पुन्हा मारली, मग जरा जोरात मारली. "गेला आठवडाभर हेच चाललंय. मला वाटलं माझंच काही चुकतंय."

"हे बघ तुझे आकडे," मिसेस ऑटली डेक्स्टरला म्हणाल्या. "सगळे दार ठोठावणारे."

डेक्स्टरचे कान लाल झाले. "माझ्या लक्षातच आलं नाही, मिस."

"पिसं कमी चिकटव."

मिस लॅशलींनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "जुनी चौकट राहील. नऊ घरं तिच्यावर उभी आहेत. पण लिखाण हिचं नको, त्याचं. डेक्स्टर, तुझी ओळ हिच्यात टाक आणि तुझी चौकट पूस. तुझ्या मार्गदर्शिकेत हीच जोडून घे."

"मिस ऑटली," डेक्स्टर हळूच म्हणाला, "तुमचं पहिलं वाक्य ठेवू या का?"

"दया म्हणून ठेवणार असशील तर नको." त्यांनी स्वतः माझी सगळी वाक्ये निवडली आणि एका बोटाने पुसली. बोट जरा थांबले होते, हे मी पाहिले. "मी डबल्सवर तिखट बेताचंच घेते, पोरा. लिहितानाही तसंच लिहिलं. टाक तुझी ओळ. पत्ता मात्र माझा राहील, आणि तो हलला की मीच बदलीन."

अशा रीतीने, मित्रांनो, माझी वैरीण पुसली गेली आणि तिचे शब्द माझ्या पोटात येऊन बसले. नेरिसाने नवा पत्ता उघडला. साल टाकले, मग गाव टाकले, मग आजोबांचे नाव. ती एकदम उभी राहिली आणि तिने मिसेस ऑटलींचा हात घट्ट धरला. बातमी चार ओळींची होती.

आता माझे बरे चालले आहे. माझे घर सोडून दहा घरी माझा वावर आहे. मुले मला वाचून हसतात, एकमेकांना दाखवतात. माझे कौतुक होते आणि ते मला गोड लागत नाही, कारण ते त्या ओळीचे असते. जी कुठेच उरली नाही, तिचा हेवा मी अजून करते. मग कुणी लिंकवर टिचकी मारतो, दार उघडते, आणि मला जरा बरे वाटते. दार तर माझे आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. दुसऱ्याचे काही उतरवून घेतलेत तर त्याची काळजीही घ्या. ज्याने लिहिले तो आपले नीट करील आणि तुमचे तसेच राहील. काही पुसायला निघालात तर त्याच्या आधाराने कोण कोण उभे आहे ते आधी बघा, आणि आकड्याला विचारा की तू आलेल्यांचा आहेस की अडकलेल्यांचा. आणि कधी दुसऱ्याचे वाक्य तुमच्यापेक्षा बरे निघाले, तर मत्सर करू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मनसोक्त जळा. पण सरकून त्याला जागा द्या.