दायामीने काढलेली नक्कल

मित्रांनो, मी एक हार्ड डिस्क आहे. वयाने म्हातारी, पण कामाचे दिवस थोडेच, कारण माझं निम्मं आयुष्य बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं. आणि खरं सांगू का, माझं बालपणसुद्धा माझं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचं आहे.

कारखान्यातून मी आले ती अगदी कोरी. क्युबाच्या किनाऱ्यावर काइबारिएन गावात उर्बानो नावाचे फोटोग्राफर आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये माझी बहीण कामाला होती. आमच्या इकडे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला लग्नासारखा थाट करतात. गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीचे पंधराव्याचे फोटो उर्बानोंनी काढलेले, आणि ते सगळे बहिणीच्या पोटात. बिचारी उन्हाळ्यात तापायची, खारं वारं खायची, पण तक्रार म्हणून कधी केली नाही.

उर्बानोंना एकच मुलगी, दायामी. अर्ध्या गल्लीचे कॉम्प्युटर तीच दुरुस्त करायची. एके दिवशी तिने मला घरी आणलं आणि वायरीने बहिणीला जोडलं.

"बाबा, तुझी डिस्क कुरकुरायला लागलीय. हिची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवते."

"नुसते फोटो उतरवून घे की. एवढा खटाटोप कशाला?"

"नुसते फोटो घेतले आणि ही गेली, तर बाकीचं सगळं पहिल्यापासून बसवावं लागेल. ते कोणाला येतंय, तुला? त्यापेक्षा ती काढायची, ही लावायची, बटण दाबायचं. कॉम्प्युटरला कळणारसुद्धा नाही."

स्वयंपाकघरातून तिची आई सोइला ओरडली, "असाच एक नवरा काढून ठेव गं माझ्यासाठी! हा पण कुरकुरायला लागलाय."

दायामीने कुठून कुठे उतरवायचं ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. चुकून उलटं झालं असतं, तर माझा कोरेपणा बहिणीत उतरला असता आणि अख्खं गाव पुसलं गेलं असतं. मग हळूहळू मी भरत गेले. मुलींचे झगे, त्यांच्या आयांचं हसू, कॉम्प्युटर सुरू करण्याची सगळी करामत, सगळं आलं. दायामीचेही पंधराव्याचे फोटो आले. त्यातला एक उर्बानोंनी पडद्यावर लावून ठेवला होता. समुद्राकाठचा कठडा, पिवळा झगा, वाऱ्याने केस तोंडात गेलेत आणि पोरगी खदखदून हसतेय. असा फोटो बापच काढू जाणे.

शेवटी तिने बहिणीला बाजूला काढून माझ्यावर कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. तो पिवळा झगा पडद्यावर आला आणि ती म्हणाली, "झकास!" एवढंच काय ते माझं कौतुक. मग फडक्यात गुंडाळून मला डब्यात ठेवलं.

"दर महिन्याला ही नव्याने काढायची हं, बाबा."

"हो गं हो."

थोड्याच दिवसांत दायामी गेली. दूर उरुग्वेला, नोकरीसाठी. जाणार हे फक्त आईला ठाऊक होतं. बापाला कळलं ते तिथून फोन आला तेव्हा. "बाबा रडला असता तर माझा पाय निघाला नसता," असं ती आईला म्हणाली म्हणे. पण ते ऐकून घ्यायला उर्बानो थांबलेच नाहीत. स्टुडिओ लेकीच्या हाती द्यायचा, असं त्यांनी मनाशी केव्हाचं धरलं होतं. ते कॉम्प्युटरपुढे बसले आणि तिचा एकेक फोटो पुसला. वर कॉम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी केली. बहीण काय करणार? आम्हाला पुस म्हटलं की आम्ही पुसतो.

"अरे मेल्या, लेकीला पुसतोस?" सोइलाचा आवाज मला डब्यात ऐकू आला.

"तिने मला विचारलं नाही. आता मी तिला विचारत नाही."

तेव्हापासून तिचा फोन आला की ते अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. पावसातसुद्धा.

मित्रांनो, पोटातली तबकडी गरगर फिरणं हेच आमचं जगणं. मी डब्यात पडून त्यासाठी झुरत होते. पण मनात धास्तीही होती. कोणी मला नव्याने भरायला काढलं असतं, तर तो पुसलेला कॉम्प्युटरच माझ्यावर उतरला असता. मग दायामी माझ्यातूनही गेली असती. मला बाहेर काढा, असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, नको, मुळीच नको!

उर्बानोंचा राग ओसरला, पण अभिमान आडवा आला. एकदा सोइलाने त्यांना कॉम्प्युटरमध्ये काहीतरी धुंडाळताना पाहिलं.

"काय शोधतोयस, म्हाताऱ्या?"

"काही नाही."

"मग बरोबर ठिकाणी बसलायस. तिथे काहीच नाही. तूच ठेवलं नाहीस."

छापलेला अल्बम दायामी सोबत घेऊन गेली होती. एक फोटो पाठव, एवढंसुद्धा बापाच्या तोंडून निघेना.

मग तो दिवस आला. सकाळपासून वीज नव्हती. दुपारी आली, तशी सगळी गल्ली ओरडली, "आली रे आली!" वीज आली तरी जरा दम धरायचा, मगच प्लग लावायचा, असं दायामीने बजावलं होतं. पण गिऱ्हाईक दारात उभं. उर्बानोंनी आनंदाने प्लग लावला. वीज गेली, दाणकन परत आली, पुन्हा गेली. बहिणीने टक टक असा आवाज केला आणि ती कायमची थांबली.

उर्बानो डोकं धरून बसले. सोइलाने डबा समोर आणून ठेवला.

"घे. लेकीने ठेवलंय."

त्यांनी मला बसवलं, विजेची वाट पाहिली, आणि या वेळी दम धरला. बटण दाबलं, मी फिरू लागले. मित्रांनो, काय सांगू! त्या दिवशी दायामीने जिथे सोडलं होतं, तिथूनच कॉम्प्युटर जागा झाला. पिवळा झगा पडद्यावर आला.

"सोइला," ते कसेबसे म्हणाले, "अगं ये. ती आहे. आहे ती!" आणि लहान मुलासारखे रडले.

नक्कल काढल्यानंतरच्या मुलींचे फोटो माझ्याकडे नव्हते. ते गेले ते गेलेच. पण त्याची हळहळ करण्याआधी उर्बानोंनी स्वतः लेकीला फोन लावला.

"आई?"

"आई नाही. मी."

"बाबा! काय झालं? बरा आहेस ना?"

"डिस्क गेली. तुझी लावली. चालली." आणि लगेच पुढे, "मी तुला पुसलं होतं, दायामी. चुकलं माझं."

"माहितीये. आईने सांगितलं होतं." ती नाक ओढत होती. "आता ऐक. ती एकटीच उरलीय. दुसरी आण आणि हिची नक्कल काढ. मी सांगते कशी ते."

"मला नाही जमायचं."

"सोपं आहे रे."

"नाही जमायचं म्हटलं ना! तू ये आणि काढ."

मग ती म्हणाली, "येते, बाबा."

नवी डिस्क आणून माझ्याशेजारी ठेवलीय, वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही. शेजारचे म्हणतात, आम्ही काढून देतो नक्कल. उर्बानो कोणाला हात लावू देत नाहीत.

मित्रांनो, तुम्ही असं करू नका. जे एकच आहे, त्याची प्रत आजच काढा. आणि रागाच्या भरात माणूस पुसायला बसू नका, कारण प्रत्येक घरात डबा असतोच असं नाही. माझी आता घरघर सुरू झालीय. उर्बानोंनाही ती ऐकू येते, मग ते स्वतःचा पंखा माझ्याकडे वळवतात. जमेल तेवढी मी फिरतेय. दायामी, लवकर निघ गं.