संत निकोलसाच्या हॉलखालची अनाथ विहीर

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी संत निकोलस सहाय्यक मंडळाच्या स्वयंपाकघरातली ज्योत विझली. त्र्याण्णव वर्षं ती एक दिवसही विझली नव्हती.

आता हे वाक्य विसरा. आमच्या स्वयंपाकघरात अशी कुठलीही ज्योत नव्हती. जी होती ती स्वयंपाकाची नव्हती, आणि जी स्वयंपाकाची नव्हती तिच्यावर चाळीस लिटरचं पातेलं काय करत होतं याबद्दल मंडळाला काहीही माहिती नाही. हे मी मंडळाचा सचिव म्हणून लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वी सभेत मला शिंक आली, अध्यक्षांना वाटलं मी हात वर केला, तेव्हापासून मी सचिव आहे.

तर नसलेल्या ज्योतीची हकीकत अशी. आमचे पणजोबा कार्पेथियन डोंगरातून पेनसिल्व्हेनियात कोळसा खणायला आले आणि मिलर्स फोर्कमध्ये त्यांनी हा हॉल बांधला. जागा स्वस्त मिळाली, कारण तिच्या मधोमध नैसर्गिक वायूची एक जुनी, सोडून दिलेली विहीर होती. पणजोबांनी विहिरीत एक ओंडका ठोकला, वर जमीन घातली आणि विषय संपवला. फक्त कुणातरी हुशार माणसानं ओंडक्याच्या बाजूनं एक नळी काढून स्वयंपाकघराच्या भिंतीतून बाहेर आणली आणि काडी लावली. नळीला ना झडप, ना मीटर. पुढे कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची आमच्यात पद्धत नाही.

ही ज्योत तेता येवकाच्या ताब्यात होती. तेता म्हणजे मावशी. येवका कोणाचीच सख्खी मावशी नाही, म्हणून सगळ्यांची आहे. वय एक्क्याऐंशी. ईस्टरच्या आधीच्या उपासांत दर शुक्रवारी ती आणि आठ बायका मिळून दोन हजारांवर पिरोही करतात. पिरोही म्हणजे करंजीची मावसबहीण. बटाटा भरायचा, कडा चिमटायच्या आणि तळण्याऐवजी उकडायची. ती त्या ज्योतीवरच उकडायची असते. तेताचं गणित सरळ होतं. ज्योत गेली की विजेची शेगडी येईल, शेगडी आली की परात जाईल, आणि मग एका शुक्रवारी कोणीतरी दुकानातून गोठवलेली पिरोही घेऊन येईल. तेताला मरणाची भीती नव्हती. गोठवलेल्या पिरोहीची होती.

फेब्रुवारीत तळघरात घोळ झाला. तिथे लाकडी पट्ट्यांवरून चेंडू घरंगळवून समोरच्या दहा बाटल्या पाडायचा आमचा जुना खेळ आहे. अध्यक्ष अँडी साबोल तिसरी पट्टी पुसत होते, तर सांडलेलं पाणी उकळायला लागलं. थंड पाणी. बुडबुडेच बुडबुडे. अँडी साठ वर्षांचे, सिगारेट ओढणारे. पण त्या दिवशी त्यांनी ओठातली सिगारेट खिशात ठेवली आणि राज्य सरकारच्या विहीर खात्याला फोन केला. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

कारण नियम असा आहे की विहिरीला मालक नसेल तर ती अनाथ. अनाथ विहीर सरकार फुकट बुजवतं. पण त्या वायूचा कोणी काही फायदा घेतला असेल, तर तो माणूस मालक, आणि बुजवायची त्यानं, स्वतःच्या खर्चानं. आमच्यासारख्या मंडळानं विहीर बुजवायची म्हणजे आधी हॉल विकायचा, आणि हॉल विकला की विहीर बुजवायची कोणाच्या हॉलखालची?

गुरुवारी अँडींनी सगळ्यांना जमवून तालीम घेतली.

"उद्या साहेब येतील. विचारतील, ही विहीर कोणाची? सगळ्यांनी काय म्हणायचं?"

"अनाथ!" आम्ही चाळीस जण ओरडलो. मागच्या रांगेतून कोणीतरी "आमेन"ही म्हणालं.

"अनाथ?" तेता येवका उठली. "एकोणसाठ वर्षं मी तिला रोज सकाळी विचारते, उठलीस का गं? आणि ती अनाथ? लाज नाही वाटत?"

"तेता, नुसतं म्हणायचंय."

"उपासात खोटं बोलू? अरे मेल्या, मी उपासात लोणी खात नाही, आणि तू मला खोटं खायला घालतोस?"

"मग ज्योत दिसली की साहेबांना काय सांगायचं?"

तेता म्हणाली, "मला विचारलं तर मी खरं ते सांगेन."

त्या संध्याकाळी अँडींनी देवळातून संत निकोलसाची मोठी तसबीर आणली आणि ज्योतीच्या बरोबर वर खिळा मारून टांगली. खाली मेणबत्त्या, कागदी फुलं. पातेलं मात्र तेतानं हलवू दिलं नाही. शुक्रवार तोंडावर आला होता.

विहीर खात्याचा वेंडेल क्रिसमन आला तेव्हा पहिला घाणा चालला होता. पस्तिशीचा सभ्य माणूस, गळ्यात वायू हुंगायचं यंत्र, हातात अर्ज अडकवलेली पाटी. तसबिरीपुढे येऊन त्यानं टोपी काढली.

"हे काय आहे?"

"नंदादीप," अँडी म्हणाले. "अखंड. परंपरा आहे."

"केवढा मोठा आहे!"

"संतही मोठा आहे."

"आणि हे पातेलं?"

याची तालीम झाली नव्हती. अँडी माझ्याकडे बघायला लागले. मी सचिव या नात्यानं खिडकीबाहेर बघायला लागलो.

"नैवेद्य," अँडी म्हणाले.

क्रिसमन वेगळ्या पंथाचा होता. दुसऱ्याच्या धर्मातलं आपल्याला काही कळत नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असावं. त्यानं मान डोलावली आणि तेताकडे वळला. "बाई, हा दीप कशावर जळतो?"

अँडींनी डोळे मिटले.

"देवाच्या कृपेवर," तेता म्हणाली.

आणि तिच्या बाजूनं ते अगदी खरं होतं. वायू जमिनीत अँडींनी थोडाच भरला होता?

क्रिसमननं 'इंधन' या रकान्यात ते लिहून घेतलं. "या इमारतीखालची विहीर कोणाची आहे?"

"देवाची."

'मालकाचा पत्ता लागत नाही,' असं त्यानं लिहिलं.

"तिच्यापासून तुम्हाला आजवर काही फायदा?"

"फायदा?" तेतानं झारा खाली ठेवला. "बाळा, इकडे बघ. या भुवया पेन्सिलीनं काढलेल्या आहेत. खऱ्या एकोणीसशे चौऱ्याऐंशीत गेल्या. गुडघे उभं राहून गेले. नवरा गेला."

"अरेरे. या वायूमुळे?"

"नाही, स्टॅशा नावाच्या बाईमुळे. पण जाताना म्हणाला, तू तुझ्या चुलीशीच लग्न कर."

क्रिसमननं 'फायदा'पुढे 'नाही' लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि कागदावर शिक्का मारला. विहीर कायद्यानं अनाथ झाली. अँडींनी त्याला मिठी मारली, आणि त्यानं ती बहुधा धार्मिक समजून सहन केली.

पण वायूचं प्रमाण फार निघालं, म्हणून खात्यानं घाई केली. तिसऱ्या मंगळवारी तळघरात एक बुटकं यंत्र उतरलं, छताला भोक पाडून त्याचा खांब वर काढला, आणि क्रिसमन स्वयंपाकघरात आला.

"काम सुरू करायच्या आधी इमारतीतली प्रत्येक ज्योत विझवावी लागेल. माफ करा, पण नंदादीपसुद्धा. झडप कुठाय?"

"देवाच्या कृपेला झडप नसते," अँडी म्हणाले. या वाक्याचा त्यांना नंतर फार पश्चात्ताप झाला.

"मग फुंकर मारा."

आता अडचण बघा. फुंकर मारली तर ज्योत जाईल, पण वायू येतच राहील. तो आला की क्रिसमनच्या गळ्यातलं यंत्र बोंब मारेल, देवाच्या कृपेला ज्वलनशील वास आहे हे सिद्ध होईल, आणि आम्ही मालक होऊ. शिवाय आपण सगळे उडूनही जाऊ, पण ते अँडींच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्यांनी वाकून फुंकर मारली, गरम दुधावर मारतात तेवढीच. ज्योत लवली आणि पुन्हा उभी राहिली.

"साहेब, ही फार जुनी आहे," अँडी म्हणाले. "ऐकत नाही."

तेव्हा तेता येवका उठली. तिनं चाळीस लिटरचं पातेलं एकटीनं खाली उतरवलं. कोणाला हात लावू दिला नाही. परातीतून मुठीएवढी कणीक तोडली, तळहातावर फिरवली, क्रूसाची खूण केली. मग ओलं फडकं बोटांना गुंडाळून तो गोळा तिनं नळीच्या तोंडावर दाबला आणि कडेनं सगळीकडे चिमटे काढत गेली, पिरोहीला काढते तसे बारीक, एकसारखे. ज्योत 'पुक्' म्हणाली.

"झोप आता," तेता तिला म्हणाली. "पोरांच्या डोक्यावर छप्पर राहू दे."

अँडींनी रुमाल काढला आणि कांदा नसतानाही डोळे पुसले.

क्रिसमननं यंत्र त्या कणकेजवळ नेलं. काटा शून्यावर. तो बराच वेळ त्या चिमट्यांकडे बघत राहिला, मग तसबिरीकडे, मग खाली उतरवलेल्या पातेल्याकडे. त्याला सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही. त्यानं लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: 'तात्पुरतं बूच: मैदा. गळती: नाही. कारागिरी: उत्तम.'

चार दिवस काम चाललं. विहिरीतून पणजोबांचा ओंडका निघाला, खेळातले सात चेंडू निघाले आणि एक सनई. सनई कोणाची हे विचारल्यावर सगळ्या म्हाताऱ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं. मग तळापासून वरपर्यंत सिमेंट भरलं, वर लोखंडी झाकण बसवलं. आता तिथे तिसरी पट्टी पुन्हा सुरू आहे आणि चेंडू झाकणावर आला की टणकन आवाज होतो.

विजेची शेगडी आली. पिरोही तशीच लागते असं सगळे म्हणतात. तेता म्हणते, पोस्टाच्या तिकिटामागचा डिंक चाटल्यासारखी लागते. गेल्या शुक्रवारी अँडी सहज बोलून गेले, "तेता, दमतेस. थोडी गोठवलेली आणून बघायची का?" त्यानंतर ते दोन दिवस कोणाला दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तेतानं मला टंकलेखनाला बसवलं. मी म्हणालो, हे कोणी मंजूर करणार नाही. ती म्हणाली, "तुला मंजूर करायला कोण सांगतंय? तू लिही."

प्रति,
मा. प्रमुख, विहीर खाते.

विषय: एक अनाथ विहीर दत्तक मिळणेबाबत.

महोदय,
आपल्या यादीत हजारो अनाथ विहिरी असून त्यांचे जगात कोणी नाही असे समजते. सदर मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद विहीर सांभाळण्याचा एकोणसाठ वर्षांचा अनुभव बाळगतात, परंतु हा अनुभव त्यांना कुठे व कसा मिळाला हे सांगण्यास मंडळ असमर्थ आहे. तरी एक विहीर, शांत स्वभावाची, मध्यम दाबाची, शक्यतो आमच्या स्वयंपाकघराच्या डाव्या भिंतीखाली, येत्या शुक्रवारच्या आत स्थलांतरित करून मिळावी, ही नम्र विनंती.