मान डोलावणारी पोरगी आणि मी, इस्त्री

मी बोलतेय. भागाबाईच्या टपरीवरची कोळशाची इस्त्री. ऐकायचं असेल तर नीट ऐका, मला पुन्हापुन्हा सांगायची सवय नाही.

माझा जन्म धुळ्याचा. एका ओतारी कारागिरानं पितळ वितळवून साच्यात ओतलं, तळ घासूनघासून आरशासारखा केला आणि वर सागवानी मूठ बसवली. पाचोऱ्याच्या भिका आबांनी मला उचलून पाहिलं आणि म्हणाले, "जड आहे. पण जडच पाहिजे." तेव्हाच मी ठरवलं, या माणसाशी आपलं जमेल.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आबांनी टपरी टाकली. रेल्वेच्या लोकांचे युनिफॉर्म, मास्तरांचे सदरे, जयंतीला वस्तीतले पांढरे शर्ट, सगळं माझ्या पोटाखालून गेलं. मी शाळेत गेले नाही. मला कोणी शिकवलंही नाही. पण कॉलरीवरून माणूस ओळखायला मी शिकले. वरवर ऐटीत चालणाऱ्यांच्या कॉलरी आतून किती झिजलेल्या असतात, ते मला विचारा. आणि माणसं इस्त्री तरी कशी करून घेतात! पुढचा भाग कडक हवा, पाठ कशीही चालते. पाठ आपल्याला दिसत नाही ना, म्हणून.

आबा गेले आणि मी त्यांच्या सुनेच्या, भागाबाईच्या हाती आले. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला, त्यामुळे टपरीची मालकीण तीच. तिचं आणि माझं चांगलं पटतं, कारण दोघीही तापट. मध्यंतरी तिनं विजेची इस्त्री आणली होती. हलकीफुलकी, गुलाबी मुठीची, नटवी. मला खाटेखाली सरकवलं. तिथे धूळ खात मी एक अख्खा हिवाळा काढला. मग उन्हाळा लागला, लोडशेडिंग सुरू झालं, दिवसदिवस वीज नाही, आणि ती गुलाबी बया थंडगार पडली. भागाबाईनं मला ओढून बाहेर काढलं, चिंचेनं लख्ख घासलं. मी तिला काही बोलले नाही. पण त्या दिवशी जरा जास्तच तापले.

आता प्रज्ञाचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच तोंड उघडलंय.

प्रज्ञा भागाबाईची एकुलती एक लेक. अभ्यासात हुशार. बारावीची परीक्षा दिली आणि म्हणाली, मला शेतकीचं शिकायचंय, धुळ्याच्या कॉलेजात. म्हणाली म्हणजे काय, वहीच्या मागच्या पानावर लिहून आईसमोर ठेवलं. तोंडानं बोलली नाही. ही पोरगी बोलतच नसे. कुणी काहीही सांगो, ही मान डोलावणार. कळलं तरी हो, नाही कळलं तरी हो. शेजारीण म्हणाली माझा गहू दळून आण, तरी हो. आणि त्याच वेळी दुसरीनं नळावर बोलावलं, तरी हो. मग दोन्हीकडे धावत सुटायची आणि दोन्हीकडे बोलणी खायची.

भागाबाईला हेच खात होतं. उन्हाच्या झळा टपरीत शिरत असत, तशात कपड्यावर मला रेटता रेटता ती म्हणायची, "तिकडे हॉस्टेलात हिला कोणी काहीही सांगेल आणि ही हो म्हणेल. पोरी हिच्याकडून धुणी धुऊन घेतील. सर शिकवतील, हिला कळणार नाही, तरी ही मान हलवेल. कशी पाठवू मी हिला?"

भागाबाईचा भाचा प्रशील जळगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. सुट्टीत आला आणि टपरीच्या बाकड्यावर बसून सल्ले द्यायला लागला. "आत्या, कॉलेजची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. लॅपटॉप शिकून घे म्हणावं. आणि आधी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लाव."

"अरे, तिला मराठीत तरी बोलू दे आधी!" भागाबाई म्हणाली.

मला हसू आलं. माझ्या भोकांतून दोन ठिणग्या उडाल्या.

मग भागाबाईनं तिथल्या तिथे फर्मान काढलं. "हे बघ प्रज्ञा. उद्यापासून टपरीवर तू उभं राहायचं. कपडे तू घ्यायचे, तू विचारायचं, तू द्यायचे. मी मागे बसेन. कॉलेज सुरू व्हायच्या आत तुझं तोंड उघडलं तर धुळे. नाहीतर इथल्याच कॉलेजात जा, जे मिळेल ते शीक आणि माझ्या डोळ्यांसमोर राहा."

प्रज्ञानं मान डोलावली. भागाबाईनं कपाळावर हात मारला.

अशी ती माझ्या हाताखाली आली. लोक म्हणतील, मी तिच्या हाताखाली आले. नाही. पहिले काही दिवस माझ्याकडे बघायचीही भीती वाटायची तिला. मला बटण नाही, दिवा नाही, आकडे नाहीत. मी किती तापलेय ते अंगानंच कळून घ्यावं लागतं. ओल्या फडक्यावर टेकवून बघायचं, आवाज ऐकायचा. कपडा कुठला ते बोटांत चुरून बघायचं आणि तरी शंका आली तर गिऱ्हाइकाला विचारायचं. खानदेशातला मे महिना, वरून ऊन, खालून मी. पोरगी लालबुंद व्हायची, पण पळाली नाही. घड्या तर आईपेक्षा सुबक घालायची. फक्त विचारायचं म्हटलं की गाडी अडायची.

बुद्ध पौर्णिमेच्या आधीची गोष्ट. टपरीवर पांढऱ्या कपड्यांचा नुसता ढीग. त्यातच भागाबाईला जामनेरला बहिणीकडे बिबड्या करायला जावं लागलं. आता बाहेरगावच्यांसाठी सांगते, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. आमच्याकडे उन्हाळ्यात बायका आळीपाळीनं एकमेकींच्या घरी जमून करतात. आपल्या पाळीला गेलं नाही तर पुढच्या वर्षी आपल्या दारात कोणी येत नाही. तेव्हा भागाबाई पहाटे गेली आणि टपरीवर प्रज्ञा एकटी.

सकाळी झुलाल नाना आले. जवळच्या खेड्यातले म्हातारे, बोलणं अहिराणी, आवाज शेतात हाळी घालावी तसा. त्यांच्या नातीचं त्याच दिवशी संध्याकाळी एरंडोलला लग्न होतं. त्यांनी दोन पांढरे सदरे पुढे टाकले.

"पोरी, यामा एक सुती शे, एक नायलॉननं. नायलॉनवर थंडी इस्तरी फिरावजो. दुपारले येस मी."

"हो, नाना."

नाना गेले. दोन्ही सदरे सारखेच पांढरे, सारखेच जुने, सारखेच मऊ. कुठला कुठला, हे पोरीला कळेना. हाक मारायची होती. नाना कोपऱ्यावर पानटपरीपाशीच उभे होते, तंबाखू मळत. "नाना, यातला नायलॉनचा कुठला?" एवढंच विचारायचं. माझी मूठ तिच्या घामानं ओली झाली होती. नाना पुढे गेले. ती तशीच उभी.

मग तिनं एक सदरा पसरला आणि मला छातीवर टेकवलं.

चर्र झालं. तो जळका, गोडसर वास मला आजही नको वाटतो. तिनं झटक्यात मला उचललं, म्हणून फक्त माझ्या टोकाखालचं जळलं. पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर तपकिरी, चुरगळलेला, अंगठ्याएवढा डाग. आता कोणी म्हणेल, इस्त्रीनं जाळलं. मुळीच नाही. गरम असणं हे माझं काम आहे. मी कुठे टेकायचं, हे विचारून ठरवणं तुमचं.

प्रज्ञा खाली बसली आणि रडली. कपड्यांचे गठ्ठे आजूबाजूला, आणि मधे ही. मला वाटलं, संपलं. ही आता घरी पळणार, आई आल्यावर मान खाली घालणार आणि जन्मभर पाचोऱ्यात राहणार. धुळे गेलं.

पण ती उठली. सदरा घेतला आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तिथे अकबरी खाला शिवणकाम करते. गल्लीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई, माझ्यानंतर.

"खाला," प्रज्ञा म्हणाली. मला इथून ऐकू आलं, म्हणजे किती मोठ्यानं बोलली असेल बघा. "माझ्या हातून नानांचा सदरा जळला. मला काही सुचत नाही. काय करू?"

अकबरी खालाचं मशीन थांबलं. "या अल्ला, तुझ्या तोंडात जीभ हाय? इतके साल मी समजत होते, ही पोरगी मुकी हाय!" मग सदरा हातात घेऊन उलटासुलटा केला. "रोती कायको? इधर देख. छातीला खिसा नाही याला. खालची दुमड चांगली मोठी हाय. त्यातला तुकडा काढते, खिसा लावते बराबर इथं. पण सुन. बुढ्ढ्याला सांगायचं तू. मी नाही."

"मी सांगते," प्रज्ञा म्हणाली.

दुपारी नाना आले. प्रज्ञानं घडी घातलेले सदरे दिले नाहीत. वरचा उघडून त्यांच्यापुढे धरला. आणि बोलली. "नाना, नायलॉनचा कुठला ते मला कळलं नव्हतं. मी विचारलं नाही. सदरा जळला. खालांनी वर खिसा लावून दिलाय. चूक माझी आहे."

नानांनी सदरा डोळ्यांजवळ नेला. "मंग इचारं का नही व माय? मी आठेच तं उभा व्हतू!"

"लाज वाटली."

"लाज वाटनी! आनि सदरा जाळाले नही वाटनी?" नाना तावातावानं बोलत राहिले. अख्खी गल्ली ऐकत होती. प्रज्ञा खाली बघत नव्हती, हे मी पाहिलं. बोलून दमल्यावर नानांनी खिशात दोन बोटं घातली, मग तंबाखूची डबी घालून बघितली. बसली. "हाई बरं व्हयनं," ते पुटपुटले. आणि जाताजाता म्हणाले, "नातनं लगन शे, पोरी. जेवाले ये. तुना खिसा देखाडस लोकेसले."

संध्याकाळी भागाबाई बिबड्यांचा डबा घेऊन परतली, तेव्हा अकबरी खालानं तिला रस्त्यातच गाठून सगळं सांगितलं. भागाबाईनं आधी लेकीला झोडपून काढलं. तोंडानंच, हातानं नाही. मग पाणी प्यायली आणि विचारलं, "खालाकडे तू स्वतः गेलीस?"

"हो."

"आणि नानांना तूच सांगितलंस?"

"हो."

भागाबाईनं डबा उघडून लेकीपुढे सरकवला. पण धुळ्याबद्दल काही बोलली नाही.

त्यानंतर काय झालं सांगू? पोरीला विचारायचा नादच लागला. "काका, बाहीला घडी हवी की नको? काकू, ही साडी कॉटन की मिक्स? दादा, कधी लागेल, आज की उद्या?" एक मास्तर वैतागून म्हणाले, "भागाबाई, शर्ट इस्त्रीला दिलाय की मुलाखतीला?" भागाबाई हसता हसता कोळसा फुंकायची विसरली.

अकबरी खालाकडून बटण लावायला शिकली. आईकडून भाकरी थापायला. प्रशीलकडून ऑनलाइन अर्ज भरायला, आणि त्यालाही प्रश्न विचारविचारून तिनं रडकुंडीला आणलं. निकाल लागला, मार्क चांगले पडले, धुळ्याला नंबरही लागला. दिलेल्या शब्दाखातर भागाबाई जा म्हणाली, पण तिच्या जिवाचा घोर काही सुटेना.

आज सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा भागाबाईनं स्वतःचीही पिशवी भरली. "मी येते तुझ्यासोबत. आठ दिवस चुलतबहिणीकडे राहीन. हॉस्टेलच्या बाईंशी मी बोलेन, सरांशी मी बोलेन, खोलीतल्या पोरींनाही सांगून ठेवेन."

प्रज्ञानं बॅग खाली ठेवली. मी ताटलीवर तापत होते. कोळसेसुद्धा तडतडायचे थांबले.

"नाही, आई."

भागाबाईच्या हातातली पिशवी खाली आली.

"तू येऊ नकोस. मला विचारता येतं. तू मला फक्त एस.टी.त बसव. आणि रडू नकोस, नाहीतर मला पण रडू येईल."

भागाबाईनं तिला एस.टी.त बसवलं. परत आली, पदर खोचला आणि मला उचललं. आज तिचा हात जरा जास्तच जोरात चालतोय. माझा तळ आता पातळ झालाय, बिजागरी ढिली झालीय, आणि पलीकडच्या चौकात कोणीतरी गॅसवरची इस्त्री आणलीय म्हणे. आणू दे. माझ्यात अजून धग आहे.

पोरांनो, तुम्हीही दहावी-बारावी होऊन कुठे कुठे निघाला असाल. उन्हाळाभर बॅगा घ्याल, मोबाइल घ्याल, नवे कपडे शिवाल. सगळं घ्या. पण सुट्टी संपायच्या आत घरातला नाही अशा एका तरी माणसासमोर उभं राहून म्हणा, "मला कळलं नाही." पहिल्यांदा जीभ जड होईल. मी तरी कुठे हलकी आहे? उचलूनउचलूनच हाताला सवय होते.

आणि आईबापांनो, तुम्हालाही सांगते. पोरांना एकदा तरी तुम्हाला नाही म्हणू द्या.

दिवसभर जे जे गिऱ्हाईक येतंय, त्याला भागाबाई एकच गोष्ट सांगतेय. "माझी पोरगी आज मला नाही म्हणाली." लोकांना वाटतं, बिचारी दुखावलीय. ते समजूत काढतात, "जाऊ द्या हो बाई, लहान आहे, कळेल तिला हळूहळू."

"काय कळेल?" भागाबाई डोळे पुसत त्यांच्यावर खेकसते. "कळलंय तिला! तोंडावर म्हणाली, नाही म्हणून!"

आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघते.